नानांचे वाटे

आमच्या आळीत कुणी गेलं की पहिला फोन गुरुजींना आणि दुसरा नानांना. तीन दिवस नाना गप्प असतात. दहाव्याला घाटावर "काय होतं हो पाठीमागे?" एवढंच सहज विचारतात. तेराव्याला गोडाचं जेवण आटोपून सुपारी कातरून झाली, की त्यांचं बॉलपेन खिशातून बाहेर येतं.

तहसील कचेरीतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी वंशावळ काढायला बसलेला हात काही सुटलेला नाही. कागद कुठलाही चालतो. लग्नपत्रिकेची मागची बाजू विशेष लाडकी. वर मयताचं नाव, त्याला चौकोन, आणि "वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित?" हा प्रश्न. वाढप्यानं "पुरी की भात?" विचारावं, त्या सुरात.

गेल्या वर्षी आमच्या भाऊंच्या तेराव्याला मी शेजारीच बसलो होतो. भाऊंचा फ्लॅट स्वतःच्या पगारातून घेतलेला. "मृत्युपत्र नाही ना? छान," नाना म्हणाले. दुसऱ्याच्या मृत्युपत्रानं त्यांचा हिरमोड होतो. हिशेबाला काही उरतच नाही.

दोघा मुलांनी मनात दोन वाटे कधीच पाडले होते. नानांनी ताटात बुंदीचे लाडू मांडायला सुरुवात केली. "मुलगे दोन, मुलगी एक, बायको एक. झाले चार." मग पाचवा ठेवून, "आणि आई?"

सगळ्यांच्या माना आतल्या खोलीकडे वळल्या. भाऊंची अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई तिथं पडून होती.

"१९५६ चा कायदा आहे. आईचा वाटा मुलाएवढाच. सगळे नेमकं तिलाच विसरतात."

"आणि वडील असते तर?"

"बापाला लाडू नाही. पहिल्या वर्गाच्या वारसांत बाप बसतच नाही. मीही बापच आहे, पण करता काय!"

थोरला म्हणाला, "ताईच्या लग्नात वीस तोळे घातलेत."

"ते लग्नात गेले. इथं तिचा लाडू आहे तसाच."

धाकट्यानं शेवटचं पान टाकलं. "सोसायटीत नॉमिनी मी आहे."

या वाक्याची नाना वाटच बघत असतात. "नॉमिनी म्हणजे राखणदार. राखणदारानं आंबे मोजायचे, खायचे नाहीत."

तेवढ्यात ताईच्या मुलानं पाचवा लाडू उचलून तोंडात टाकला. "अरे, ते आजीचं! नोंदणीकृत हक्कसोडपत्राशिवाय नाही चालायचं," नाना त्याला गंभीरपणे म्हणाले.

कधी कधी वाटतं, सांगावं यांना, माणूस जाऊन पुरते पंधरा दिवस झाले नाहीत, जरा दम धरा. पण त्या दिवशी नाना ती पत्रिका घेऊन आत गेले आणि म्हातारीला तिचा चौकोन बोट ठेवून दाखवला. "मला? मी काय करू त्याचं?" म्हणत तिनं पत्रिकेची बारीक घडी केली आणि कमरेच्या बटव्यात ठेवली.

आता स्वतः नानांच्या मृत्युपत्राचं. "साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, साक्षीदार दोन बास," हे त्यांनी आळीतल्या प्रत्येकाला सांगून झालंय. साक्षीदार म्हणून मला तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा मी कांदेपोहे खाऊन परत आलो. कागदावर "मी, खाली सही करणार" इतकं सुवाच्य अक्षरात लिहून होतं, आणि झोपाळ्यावरून त्यांची ब्याण्णव वर्षांची आई विचारते, "काय लिहितोस रे?"

"विजेच्या बिलाचा अर्ज, आई," म्हणून नाना कागद उलटा करतात.

येत्या रविवारी पुन्हा बोलावलंय. जाणार आहे. पोहे चांगले असतात.