विद्यार्थ्यांचा पॉडकास्ट: शिक्षकांसाठी सूचना

खोली ठरवण्याआधी पंख्याकडे बघावे. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. पंखा लावला तर मुलांऐवजी पंख्याचेच ध्वनिमुद्रण होते, बंद केला तर कुणाला बोलवत नाही. पत्र्याची खोली पावसाळ्यात टाळावी. खिचडीच्या ताटल्या वाजू लागल्या की वक्ता आपोआप उठतो. त्याला अडवू नये.

मोबाईल कुणाच्या तरी वडिलांचा घ्यावा. मुलाखत रंगात आली की केळीच्या व्यापाऱ्याचा फोन येतोच.

खरी मेहनत संहितेवर घ्यावी. ती सरांनी लिहावी, सरांनीच तपासावी आणि मुलांकडून घोकून घ्यावी. व्यासपीठ नसले तरी 'सन्माननीय व्यासपीठ' हवेच. मधल्या सुट्टीत 'काय करी राह्यना, भो?' म्हणत हुंदडणारा पोरगा माइकसमोर वृत्तनिवेदक झाला पाहिजे. धुळे-शिरपूरची अहिराणी असो की यावल-भुसावळची लेवा गणबोली, चपलांबरोबर ती दाराबाहेर काढायला लावावी. बहिणाबाईंचे नाव विद्यापीठाला दिले आहे. बोलीसाठी आणखी किती करायचे?

आजीची मुलाखत जरूर ठेवावी. पहिला प्रश्न: 'आजी, आपले बालपण कसे व्यतीत झाले?' आजी 'बरं गेलं' म्हणून गप्प बसतील. मग मोबाईल बंद करावा. लगेच आजी भरिताची वांगी काड्यांवर कशी भाजायची, सासूने पहिल्याच दिवशी त्यावरून काय ऐकवले, सासूला त्यांनी काय ऐकवले, सगळे हातवारे करून सांगतील. मोबाईल पुन्हा चालू करण्याचा मोह आवरावा. संहितेत सासू नाही.

धुळ्याचा जुना दाखला कुणी देईलच, म्हणून उत्तर तयार ठेवावे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. अठरा भाग, एकही रविवार न चुकवता. साने गुरुजींनी ते हाताने उतरवून घेतले. माइक नाही, नेटवर्क नाही, तरी 'गीता प्रवचने' आजही वाचली जातात. ही पद्धत मात्र शाळेत चालणार नाही. अमळनेरच्या त्या मास्तरांना समोरचा बोलत असताना गप्प बसावे लागले होते.

शेवटी फाइल पालकांच्या ग्रुपवर टाकावी. न ऐकता अंगठे येतील. केंद्रप्रमुखांना मात्र फाइल पाठवू नये, मुले मोबाईलभोवती बसल्याचा फोटो पाठवावा. अहवालाला आवाज जोडता येत नाही.