माळ्यावरची कंपनी

याला कुणी काही फुकट दिलं की हा दचकतो. मॉलमध्ये अत्तर शिंपडलेला कागद पुढे आला तरी हात मागे घेतो. 'पंधरा जीबी जागा मोफत' असं कुठे दिसलं की याच्या कपाळावर आठ्या पडतात. "फुकट आहे ना, मग पैसे कोण भरतंय ते आधी शोधा," हे याचं ब्रीद. वय पस्तीस ते पंचेचाळीस, शिक्षण कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, वस्ती बाणेर, बालेवाडी किंवा कोथरूड, आणि उद्योग हिंजवडीत बसून परदेशी कंपन्यांचा डेटा क्लाउडवर चढवण्याचा. दिवसभर लोकांचा डेटा चढवायचा आणि रात्री घरी येऊन स्वतःचा उतरवायचा, असा याचा दिनक्रम असतो. या जातीचा एक नमुना आमच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे पुढचं वर्णन ऐकीव नाही.

त्याला वैराग्य आलं ते १ जुलै २०१३ रोजी. त्या दिवशी गूगलने 'रीडर' बंद केलं. रोज सकाळी ऑफिसच्या बसमध्ये तो त्यावर शंभरेक ठिकाणचं लेखन वाचायचा. घरातलं माणूस गेल्याची तारीख सांगावी तशी तो ती तारीख सांगतो. त्याच वर्षी अडोबीने सॉफ्टवेअर एकदाच विकण्याऐवजी महिन्याच्या वर्गणीवर द्यायचं ठरवलं. पुढे १ जून २०२१ पासून गूगलवर हवे तेवढे फोटो फुकट ठेवायची सोय संपली. तोवर त्याच्या लेकीचे जन्मापासूनचे सगळे फोटो तिथे जाऊन बसले होते. "आधी फुकट, मग सवय, मग बिल," तो बोटं मोडत सांगतो, "आणि उद्या त्यांनी शटर ओढलं तर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. खरं तर कुणाकडेच नाही. त्याचं निदान शंभर टक्के बरोबर आहे. घरच्यांना त्रास झाला तो औषधाचा.

एका रविवारी तो तपकीर गल्लीत गेला आणि कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेला एक कॉम्प्युटर आणि चार-चार टीबीच्या दोन हार्ड डिस्क घेऊन आला. ते सगळं माळ्यावर चढलं. माळ्यावर गणपतीचं मखर होतं, ते पलंगाखाली गेलं. चकलीचा सोऱ्या होता, तो अजून सापडलेला नाही. तेव्हापासून त्या घरात रात्री कान दिला तर माळ्यावरून एक बारीक घुर्र असा आवाज येतो. पाहुण्यांना वाटतं, पाण्याची मोटर चालू राहिली.

मग एकेक करून मंडळी बदलली. फाइली नेक्स्टक्लाउडवर गेल्या, फोटो इमिचवर, पासवर्ड व्हॉल्टवॉर्डनमध्ये, सिनेमे जेलीफिनवर. एमएस ऑफिसच्या जागी लिबरऑफिस आलं. ही नावं तो अशा जिव्हाळ्याने घेतो की त्याच्या आईला बरेच दिवस वाटत होतं, ऑफिसात कुणी जेलीफिन नावाची ख्रिश्चन मुलगी आहे. प्रत्येक नावामागे एक घरफुटीची कथा असते आणि ती ऐकल्याशिवाय सुटका नाही. २०१० साली ओपनऑफिसमधून मंडळी बाहेर पडली आणि लिबरऑफिस झालं. २०१६ मध्ये ओनक्लाउडचा संस्थापकच स्वतःचं घर सोडून निघाला आणि नेक्स्टक्लाउड उभं राहिलं. २०१८ मध्ये एम्बीवाल्यांनी कोड कुलूपबंद केला, तेव्हा रुसलेल्यांनी जेलीफिन मांडलं. आपल्याकडच्या वाटण्यांत तांब्यापितळेच्या भांड्यांवरून तीन पिढ्या कोर्टात जातात. इथे सगळ्या सामानाची नक्कल करता येते, त्यामुळे वेगळं निघणाराही भरल्या घरानिशी निघतो. हे मात्र मला फार आवडलं.

इमिच चढलं त्या आठवड्यातली गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. वीस वर्षांचे फोटो त्यात ओतले होते, आणि ते यंत्र रात्रंदिवस चेहरे ओळखून त्यांचे गठ्ठे बांधत होतं. गठ्ठे बांधून झाले की ते विचारतं, ही व्यक्ती कोण? तुम्ही नाव सांगायचं. म्हणून सगळं घर टीव्हीसमोर जमलं. मलाही चहाला बोलावलं होतं. यंत्राने आईंचा लग्नातला फोटो आणि नातीचा गॅदरिंगमधला फोटो एकाच गठ्ठ्यात घातला होता, त्यावर दोघीही रुसल्या. तीन मावश्यांची एकच मावशी केली होती. पण खरी मजा पहिल्या क्रमांकावर होती. घरातल्या सगळ्या माणसांपेक्षा जास्त, म्हणजे चौदाशेच्या वर फोटो आजोबांचे निघाले. आजोबा जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. हॉलच्या भिंतीवर त्यांची तसबीर आहे आणि घरातला प्रत्येक वाढदिवस, बारसं, हळदीकुंकू त्याच भिंतीसमोर पार पडलंय. यंत्राने हार घातलेले आजोबा प्रत्येक फोटोतून इमानेइतबारे टिपले होते. आई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळ्या कार्यांना होते म्हणजे." त्या दिवसापासून माळ्यावरच्या पेटीला निदान एक मत पक्कं मिळालं.

बाकीची मतं मिळवणं कठीण जातंय. त्याची बायको सीए आहे. तिने त्याच्याच लिबरऑफिसच्या तक्त्यात हिशेब मांडला. माळ्यावरची पेटी साठ वॉट खाते. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला त्रेचाळीस युनिट. दोन हार्ड डिस्कच्या पैशांत बाहेर शंभर जीबीचं भाडं दहा वर्षांहून जास्त भरता आलं असतं.

"पण इथे चार टीबी आहेत," तो म्हणाला.

"भरायला आपल्याकडे काय आहे?"

"आजोबा आहेत ना."

तिचा मुद्दा पैशांचा नव्हताच. तिचा मुद्दा असा की, याने कंपन्या सोडल्या आणि स्वतःच कंपनी झाला. घरच्या ग्रुपवर याचा संदेश येतो : 'शनिवारी रात्री ११ ते २ देखभालीसाठी सेवा बंद राहील. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' आहोत! माळ्यावर हा एकटा चढतो, टॉर्च धरायला लेक असते. पासवर्ड किमान चौदा अक्षरांचा हवा, असा नियम काढला. आईंनी विठ्ठलाचं नाव दिलं, तर 'भक्कम नाही' असं उत्तर आलं. विठ्ठल भक्कम नाही हे त्यांना ऐकून घ्यावं लागलं. शेवटी त्यांनी यंत्राने दिलेला पासवर्ड कालनिर्णयवर एकादशीच्या चौकोनात लिहून टाकला. याने कपाळावर हात मारला, तर म्हणाल्या, "चोर आला तर कपाट फोडेल का एकादशी बघेल?" खरं सांगायचं तर या बाबतीत आईंची बाजू त्याच्याइतकीच भक्कम आहे.

आणि कंपनी म्हटली की ग्राहक सेवा आलीच. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज घालवायचा वार गुरुवार. आणि अशाच एका गुरुवारी बायको बँकेत केवायसीला गेली. घरातले सगळे कागद स्कॅन होऊन 'पेपरलेस'मध्ये गेलेले. ते मराठी अक्षरंही वाचतं, सातबारा म्हणून शोधलं की सातबारा काढून देतं, हे त्याने आम्हाला दोनदा करून दाखवलंय. तर तिने काउंटरवरून फोन केला.

"फाइल उघडत नाहीये."

"एरर काय येतोय?"

"एरर काउंटरवरच्या बाईंच्या चेहऱ्यावर येतोय. मागे रांग आहे."

"व्हीपीएन चालू आहे का बघ."

"चालू आहे. घरी लाइट चालू आहे का बघ."

यावर पलीकडून काही उत्तर आलं नाही. यूपीएस होता, पण तो वीस मिनिटांचा सोबती. इंटरनेट देणाऱ्या कंपनीशी झगडून, जास्तीचे पैसे भरून याने घरासाठी स्वतंत्र, कायमचा आयपी पत्ता मिळवला होता. साध्या कनेक्शनवर कित्येक घरांना मिळून एकच पत्ता असतो आणि बाहेरून आत येता येत नाही, हे त्याने मला लिफ्टमध्ये समजावलं होतं. पत्ता होता, पत्त्यावर वीज नव्हती. संध्याकाळी बायको एवढंच म्हणाली, "त्या कंपन्या लुटत असतील, पण त्यांचं तोंड तरी जेवायला बसल्यावर बघावं लागत नव्हतं." हल्ली ती पर्समध्ये झेरॉक्स बाळगते.

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपच्या नव्या अटींवरून गदारोळ झाला, तेव्हा याने मॅट्रिक्सचा स्वतःचा सर्व्हर उभारून सगळ्या नातेवाइकांना बोलावणं धाडलं. मावशींनी विचारलं, "तिथे कोण कोण आहे?" हा म्हणाला, "अजून कुणी नाही." "मग मी सुप्रभात कुणाला म्हणू?" तो ग्रुप अजून आहे. सदस्य दोन. एक हा, आणि दुसरा, सर्व्हर बंद पडला तर कळवणारा बॉट. बॉट त्याच सर्व्हरवर असल्यामुळे सर्व्हर बंद पडला की तोही गप्प असतो.

ईमेलच्या वाटेला जाऊ नकोस असं या पंथातल्या सगळ्या जुन्या जाणत्यांनी सांगितलं होतं. म्हणून तो गेलाच. घरच्या इंटरनेटवर पंचवीस नंबरचा पोर्ट बंद असतो, तेव्हा परदेशात एक छोटं मशीन भाड्याने घेतलं. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन मुद्रा पत्रावर उमटवायची व्यवस्था केली. सगळं शास्त्रोक्त होतं. पण अनोळखी पत्त्यावरून आलेल्या पत्राला मोठ्या कंपन्यांचे दरवान आत सोडत नाहीत. त्याच्या पुतण्याच्या मुंजीची आमंत्रणं याने याच ईमेलवरून पाठवली आणि ती सगळी एकजात स्पॅममध्ये गेली. थोरल्या काकांचा अजून अबोला आहे. त्यांना डीमार्क समजावून सांगायला हा स्वतः गेला होता, त्याने प्रकरण जास्त चिघळलं. हल्ली त्याचा ईमेल कुठल्याशा परदेशी कंपनीकडे असतो, रोख पैसे मोजून. हा विषय निघाला की त्याला माळ्यावर काहीतरी बघायचं असतं.

सासुरवाडीला मात्र त्याची कीर्ती आहे. सासरे साताऱ्याला असतात. पूर्वी वर्षातून एकदा तोंड दाखवणारा जावई हल्ली दर दोन महिन्यांनी येतो, मुक्काम करतो, सासूबाईंच्या हातच्या मासवड्यांचं कौतुक करतो. खरी गोष्ट अशी की, डेटाच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर हव्यात आणि त्यातली एक घराबाहेर हवी, हा बॅकअपचा नियम आहे. घराबाहेरची प्रत साताऱ्याला, सासऱ्यांच्या लोखंडी कपाटात, मुदत ठेवींच्या पावत्यांशेजारी असते. हा येतो तो हार्ड डिस्क बदलायला. सासऱ्यांनी ती अमानत इतकी मनावर घेतली की दसऱ्याला शस्त्रांबरोबर तिचीही पूजा केली. पुढच्या खेपेला डिस्क काही केल्या चालेना. बारीक चिमटा आणि भिंग घेऊन याने यूएसबीच्या खाचेतली हळद उकरून काढली आणि सासऱ्यांना काही बोलला नाही. माणूस चांगला आहे, असं मी म्हणतो ते यासाठी.

अजून एका गोष्टीसाठीही म्हणतो. जेलीफिनमध्ये मराठी उपशीर्षकांची काहीतरी अडचण होती. हा तीन रात्री कोड वाचत बसला आणि दोन ओळींची दुरुस्ती पाठवली. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या कुणा अनोळखी माणसाने ती तपासून स्वीकारली. पगारवाढीला कधी साधा वडापाव न खिलवणाऱ्या या माणसाने त्या दिवशी सोसायटीच्या तिन्ही इमारतींत पेढे वाटले. कशाचे पेढे, ते कुणालाच कळलं नाही. वॉचमनला वाटलं, मुलगा झाला.

त्याच पेढ्यांमुळे पुढचं घडलं. गेल्या महिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी त्याच्या दारात उभे राहिले. नकाशे, कन्व्हेयन्स डीड, सभांची इतिवृत्तं आणि सीसीटीव्हीचं चित्रण हे सगळं एका कंपनीकडे ठेवलंय आणि तिने यंदा दर वाढवलेत. "तुमच्याकडे काहीतरी घरगुती सोय आहे असं ऐकलं," सेक्रेटरी म्हणाले. आतून बायकोचा आवाज आला, "नाही म्हण." लेकीनेही मान हलवली. आईंनी पोथीतून डोकं वर काढलं.

एकशे अठ्ठावीस फ्लॅट. एकशे अठ्ठावीस पासवर्ड, प्रत्येकी चौदा अक्षरं. तो क्षणभर दारातच उभा राहिला. मग खालच्या आवाजात, बायकोला ऐकू जाणार नाही अशा बेताने, सेक्रेटरींना विचारलं, "मीटर रूममध्ये एखादा जास्तीचा प्लग पॉइंट आहे का हो?"