सोनेरी अक्षरांचा प्रकल्प

अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणजे चौघांनी ठरवलेली, एकाने लिहिलेली आणि बाइंडिंगवाल्याने वेळेत पुरी करून दिलेली संगणकप्रणाली होय. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणक शाखेला तो साधारण सातव्या सत्रात सुरू होतो आणि आठव्याच्या अखेरीस काळ्या पुठ्ठ्यात बंद होतो.

प्रारंभ ग्रुप जमवण्यापासून होतो. कोडिंग येणारा एक, पीपीटी देखणी करणारी एक, सरांशी बोलू शकणारा एक आणि 'आपलाच आहे' म्हणून घेतलेला एक, अशी याची घटना असते. चौथ्याचे नाव मुखपृष्ठावर आडनावांच्या क्रमामुळे बहुधा पहिले येते.

मग विषय. इथे अडचण आधी आणि उपाय नंतर असा अडाणी क्रम पाळला जात नाही. तंत्रज्ञान आधी ठरते, मग त्याला साजेशी अडचण शोधतात. शोधाशोध लांबली की सगळे शेतकऱ्यापाशी येऊन थांबतात. पानाचा फोटो काढला की पिकाचा रोग सांगणारे अ‍ॅप हा विषय त्यामुळे दरवर्षी नव्याने सुचतो. त्यासाठी 'प्लांटव्हिलेज' हा चित्रसंच फुकट मिळतो. त्यात १४ पिकांच्या पानांची ५४ हजारांवर छायाचित्रे आहेत आणि त्यांचे ३८ वर्ग पाडलेले आहेत. या १४ पिकांत ब्लूबेरी आहे, रास्पबेरी आहे. कापूस, ऊस आणि कांदा नाही. सोयाबीन आहे, पण निरोगीच. संत्रे आहे, पण रोगटच. सबब विदर्भात हे अ‍ॅप चालवले तर सोयाबीनच्या शेतकऱ्याला चिंतेचे कारण उरत नाही आणि नागपुरी संत्र्याला आशेचे.

सिनॉप्सिसमध्ये यातले काही येत नाही. तिथे 'ग्रामीण भागातील शेतकरी बांधव' येतात, अचूकता ९९ टक्के येते. हा आकडा खोटा नसतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात तो खरोखरच आहे. साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेली सुटी पाने सोडून वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दाखवल्यावर अचूकता तीस टक्क्यांच्या आसपास घसरली, हेही त्याच निबंधात आहे. पण लिटरेचर सर्व्हेला दहा निबंध लागतात, आणि दहा निबंध वाचायचे तर प्रत्येकाचा सारांशच वाचून होतो.

नियोजनाच्या प्रकरणात थोरामोठ्यांची गाठ पडते. विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा लेख धबधब्याच्या आकृतीसाठी प्रसिद्ध आहे: गरजा, आराखडा, कोड, चाचणी, एकाखाली एक. हे असेच सरळ उतरत गेल्यास धोका आहे, असे रॉइस यांनी त्याच लेखात बजावले होते. रिपोर्टात आकृती येते, बजावणी येत नाही. पुढे गँट चार्ट असतो. त्यात चाचणीला सहा आठवडे दिलेले असतात, आणि हे सहा आठवडे दिवाळी, सेमिस्टर परीक्षा व गॅदरिंग यांवरून ऐटीत आडवे पसरतात.

खर्चाच्या अंदाजाला मात्र दाद दिली पाहिजे. बॅरी बोहेम यांनी १९८१ मध्ये मांडलेले कोकोमो हे सूत्र कोडच्या ओळींवरून श्रम आणि कालावधी काढते. ओळी आधी ठाऊक असाव्या लागतात, म्हणून हे प्रकरण कोड झाल्यावर लिहितात. साध्या, छोट्या प्रकल्पाचे गुणांक घेऊन तीन हजार ओळी घातल्या, तर श्रम सुमारे ७.६ मनुष्य-महिने आणि कालावधी सुमारे ५.४ महिने येतो. एकाला दुसऱ्याने भागले की लागणारी माणसे निघतात: १.४. सूत्र परदेशी असले तरी ग्रुपची अंतर्गत स्थिती त्याने एका दशांश स्थळापर्यंत बरोबर ओळखली आहे. तो एक म्हणजे कोडिंग येणारा, आणि .४ म्हणजे त्याच्यासाठी रात्री चहा आणणारा.

प्रत्यक्ष कोड दुसऱ्या रिव्ह्यूच्या आदल्या आठवड्यात सुरू होतो. पहिला रिव्ह्यू आकृत्यांवर निभावलेला असतो. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली तर उशीर आणखी वाढतो, असे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवले आहे. उरलेले सभासद हा नियम कसोशीने पाळतात. ग्रुपच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'फायनल', 'फायनल २' आणि 'हेच घ्या फायनल' अशा तीन झिप फायली पडतात. मॉडेल एकाच लॅपटॉपवर चालते आणि त्या लॅपटॉपचा चार्जर घरी राहिलेला असतो.

चाचणीचे प्रकरण एका रात्रीत होते. तक्त्यात टेस्ट केस वीस, अपेक्षित निकाल वीस, प्रत्यक्ष निकाल 'पास' वीस. पहिल्या ओळीत मजकूर आणि बाकीच्या एकोणिसात कॉपी-पेस्ट असल्याने एकही चूक राहत नाही.

पुढची सूत्रे कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातात. मार्जिन डावीकडे किती, सर्टिफिकेटचे पान कितवे, कोणत्या सरांना कोणता फाँट चालतो, हे त्याला तोंडपाठ असते. पाच रिपोर्ट चाळून सहाव्यातली अनुक्रमणिकेची चूक तो न विचारता दुरुस्त करतो. संपूर्ण प्रकल्पात ज्याला वापरकर्त्याची गरज नेमकी कळते असा हा एकटाच.

व्हायवाला एक्स्टर्नल येतात, पोहे होतात, प्रात्यक्षिक होते. खिडकीबाहेरच्या जास्वंदीचे पान कॅमेऱ्यासमोर धरले, तर अ‍ॅपला ३८ पैकी एक काहीतरी म्हणणे भाग असते. ते टोमॅटो म्हणते. ग्रुपमधला बोलका सभासद, हा मुद्दा फ्यूचर स्कोपमध्ये घेतला आहे, असे सांगतो. ते खरेच असते. सिनॉप्सिसमध्ये कबूल केलेले कापूस, ऊस, कांदा आणि मराठीतून सल्ला हे सगळे रिपोर्टाच्या शेवटच्या पानावर फ्यूचर स्कोपमध्ये सुखरूप पोचलेले असतात. रिपोर्टाची एक प्रत विभागाच्या कपाटात जाते. जुलैत पुढचा ग्रुप ती काढतो, शेवटचे पान मोबाइलवर टिपून घेतो आणि सिनॉप्सिस लिहायला बसतो.