स्वतःलाच आग्रह

धिरडं हा करणारीनं खायचा पदार्थच नव्हे. घरातल्या सगळ्यांना तव्यावरचं गरम जातं आणि तिच्या वाट्याला शेवटचं येतं, पिठाचं पातेलं विसळून घातलेलं, गार आणि फाटकं. आता मुलगा-सून पुण्यात आणि हे फोटोत. शेवटचं धिरडं अजूनही माझंच, पण पहिलंही माझंच!

अडचण एवढीच की वाढणारीही मी आणि जेवणारीही मी. ताटाशी बसावं तर तव्यावरचं करपतं, तव्याशी उभं राहावं तर ताटातलं गार होतं. म्हणून मी पुरीएवढी धिरडी घालते. बिडाच्या तव्यावर एका वेळी तीन मावतात. ती होईपर्यंत आधीची तीन ओट्याशी उभ्यानंच, शेंगाचटणीशी खायची. लोकांना मात्र मी सांगते की ही नजाकत आहे. शिवाय शास्त्रही आहे. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे मोठं धिरडं उलटताना हमखास मोडतं.

आता ज्वारीचा विषय निघालाच आहे (काढला मीच), तर सांगते. माझं माहेर मंगळवेढ्याचं. तिथली मालदांडी काळ्या रानात पाऊस सरता सरता पेरतात आणि ती जमिनीतल्या ओलीवर वाढते, फार लाड मागत नाही. १९३० च्या दशकात मोहोळला याच मालदांडीतून निवडून काढलेलं एम ३५-१ हे वाण अजून पेरलं जातं. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. माझं त्यात कर्तृत्व काय, तर तिथं जन्मले. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारं रयतेला उघडून दिली ती आमच्याच गावात, हे मी अशा थाटात सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, किल्ल्या आमच्याच घरी होत्या. त्या धान्याची भरपाई करायला म्हणे खुद्द विठ्ठल बेदरला गेला. माझं पीठ सकाळी जास्त भिजतं, त्याची भरपाई मात्र दुपारी आणि रात्री मलाच करावी लागते. मूठ अजून चौघांच्या मापानंच डब्यात जाते.

जाळी माझी अशी पडते, की बघत राहावं. पण बघणार कोण? मग मीच म्हणते, "घ्या की अजून दोन." मीच म्हणते, "नको हो, झालं." "एवढीशी तर आहेत!" या वादात आग्रह करणारी कधी हरलेली नाही.

शेजारची सून पद्मशाली, तेलंगणातून मागावर कामाला आलेल्या घराण्यातली. ती खिडकीतून विचारते, "एकट्यासाठी कशाला हो काकू एवढं?" हा प्रश्न मला झोंबतो. एकट्या पुरुषानं हॉटेलात उत्तप्पा मागवला तर वेटर विचारतो का, कशाला एवढं? एकट्या बाईनं चहा-बिस्किटावर भागवावं, हे ठरवलं कोणी? जन्मभर पहिलं जाळीदार धिरडं यांच्या पानात घातलं. पेपरातून डोकं वर न काढता खायचे. "छान झालंय" असं एकदाच म्हणाले, तेही चहाला.

परवा मी तिला तोडून म्हटलं, "तुझ्या पेसरट्टूला जाळी कुठं असते?" नको ते बोलले. वाटलेल्या हिरव्या मुगाचं पातेलं घेऊन बाई थेट माझ्या स्वयंपाकघरात! मला हाताला धरून पाटावर बसवलं, माझ्याच तव्यावर पळी फिरवली आणि ताटाएवढं पेसरट्टू न मोडता उलटून माझ्या पानात टाकलं. मग दुसरं. मी बसून गरम गरम खाल्लं आणि प्रत्येकात खोट काढली. आलं जास्त, मीठ कमी, कडा कच्च्या. तिसरं मागताना तेवढी जरा गप्प होते.