डॉक्टर होऊ घातलेल्यांनी फिजिक्सची पातळी कशी निवडावी

दहावीचा निकाल हाती आला की जालना जिल्ह्यात, मग घर भोकरदनचे असो की घनसावंगीचे, डॉक्टर होणाऱ्या मुलापुढे फिजिक्सच्या तीन पातळ्या मांडल्या जातात : बोर्डाची, नीटची आणि जेईईची. निवडीची रूढ पद्धत वजनाची आहे. पुस्तक तळहातावर तोलावे. जे जड, ते वरच्या पातळीचे. या न्यायाने बालभारती पहिल्या फेरीतच बाद होते, एच. सी. वर्मांचे दोन खंड मानाच्या जागी बसतात, आणि इरोडोव्ह अंगाने बारीक असूनही केवळ रशियन म्हणून त्याला वजनात सूट मिळते. हे सगळे कपाटाच्या काचेतून पाहुण्यांना दिसेल असे लावावे. पुढची पायरी अशी की गणित नको म्हणून मुलाला पीसीबी ग्रुप द्यावा आणि क्लासात मात्र जेईईच्या बॅचला बसवावे, म्हणजे दारातून हाकललेले इंटिग्रेशन खिडकीतून घरात येते.

ही पद्धत मोडीत काढायला एक घड्याळ पुरते. 2025 पासून नीटमध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न आहेत. त्यात फिजिक्सचे 45, म्हणजे 720 पैकी 180 गुण. जीवशास्त्र झपाट्याने उरकणाऱ्याने फिजिक्ससाठी अगदी तासभर राखला, तरी एका प्रश्नाच्या वाट्याला 80 सेकंद येतात. पान-दीड पान उत्तर मागणारे गणित सोडवण्यात कितीही मर्दुमकी असली, तरी 80 सेकंदांत ती दाखवायला जागा नाही. शिवाय उत्तर चुकले तर मिळायचे चार जातात आणि वर एक कापला जातो. तेव्हा खरी कसोटी अशी घ्यावी : मोबाइल बाहेरच्या खोलीत, समोर न पाहिलेला जुना पेपर, तासाभराचा गजर. मग चुका मोजू नयेत, वाचाव्यात. सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले म्हणून जर निम्मी उत्तरे चुकली असतील, तर त्यावर औषध म्हणून आणखी जाड पुस्तक देणे म्हणजे चष्मा लागलेल्याला मोठे घर बांधून देणे आहे.

यावर जाणकार 4 मे 2025चा नीटचा पेपर पुढे करतात. त्या दिवशी फिजिक्सने मुलांना रडवले, हे खरेच. 2024च्या पहिल्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720 होते. 2025मध्ये पहिल्या आलेल्याचे गुण 686. पण प्रवेश गुणांवर नाही, क्रमांकावर मिळतो, आणि अवघड पेपर सगळ्यांनाच अवघड जातो. नीटच्या पातळीवर पाय रोवलेल्याने एखाददुसऱ्या प्रकरणात आणखी खोल जावे, त्याचा फायदा होतोच. पण सगळा अभ्यासक्रमच त्या खोलीला न्यायचा, तर विहीर दहा ठिकाणी खणून पाणी कुठेच न लागण्याची गत होते. गुण सारखे झाले तर आधी जीवशास्त्र पाहतात, मग रसायनशास्त्र, आणि फिजिक्सची पाळी त्यानंतर येते, हेही कपाटाच्या काचेला चिकटवून ठेवायला हरकत नाही. उलट टोकाला, बोर्डाला अगदीच लाथाडणाऱ्याने लक्षात ठेवावे की नीटमध्ये कितीही गुण पडले तरी बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत पास व्हावेच लागते.

शेवटचा आक्षेप घरातला असतो : डॉक्टरला फिजिक्स हवेच कशाला? जालन्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024 रोजी झाले. त्याच्या वॉर्डातच काय, तालुक्याच्या कोणत्याही दवाखान्यात सलाइनची बाटली पाहावी. ती हाताच्या मीटरभर वर टांगली की पाण्याच्या त्या उंचीचा दाब पाऱ्याच्या साधारण 74 मिलिमीटरइतका भरतो. हाताच्या शिरेतला दाब त्याहून पुष्कळ कमी, म्हणून थेंब आत जातो. हे बारावीच्या बालभारतीत दुसऱ्याच प्रकरणात आहे, पहिल्या फेरीत बाद झालेल्या त्याच पुस्तकात. पेशंटला रिक्षात बसवताना नातेवाइकाने बाटली मांडीवर ठेवली की नळीत रक्त मागे चढू लागते, आणि दारातली मावशी, कोणत्याही बॅचला न बसलेली, ओरडते, ‘‘अहो, वर धरा, वर!’’