वापरकर्ता क्रमांक सात

ग्रामपंचायतीच्या भोंग्यातून सहसा तीनच गोष्टी ऐकू येतात: आज नळ येणार नाही, घरपट्टी भरा, आणि कोणाची तरी बकरी हरवली. गेल्या मंगळवारी चौथी ऐकू आली. "ज्यांच्याकडे टच मोबाईल आहे अशा शेतकरी बांधवांनी दहा वाजता सभागृहात हजर राहावे. मुंबईहून साहेब आले आहेत. ते आपल्याला विचारणार आहेत." काय विचारणार, ते भोंग्यानं सांगितलं नाही. फुलसावंगीत 'साहेब विचारणार आहेत' म्हटलं की माणूस आधी पासबुक शोधतो. त्यामुळे निम्मे लोक सातबारा, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊनच आले.

दारात एका मुलीनं सगळ्यांच्या छातीवर चिकट्या लावल्या. माझ्या चिकटीवर होतं, 'वापरकर्ता ७'. आजवर मी खातेदार झालो, लाभार्थी झालो, थकबाकीदार तर कायमचाच आहे, आणि दर पाच वर्षांनी पंधरा दिवस मतदारराजाही असतो. वापरकर्ता मात्र पहिल्यांदाच झालो. शेजारी मामा बसले होते, ते वापरकर्ता ८. त्यांनी चिकटी दोनदा वाचली आणि हळूच विचारलं, "आपन काय वापरलं रे बावा, का आपलं नाव पडलं?"

साहेब म्हणजे पंचविशीतला पोरगा. पायात पांढरे बूट. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत पांढरे बूट घालून उतरणाऱ्या माणसाच्या हिमतीला दाद द्यायला हवी, पण त्याचबरोबर तो या मातीसाठी काहीतरी बनवून आला आहे याची थोडी काळजीही करायला हवी. भिंतीवर त्यानं पिवळ्या चिठ्ठ्या डकवल्या आणि म्हणाला, "काका, सगळ्यांनी मोकळेपणानं आपापले पेन पॉइंट सांगा."

मामांनी खिशातून पेन काढलं, पंजावर ओढून पाहिलं. "पॉइंट चांगला हाय साहेब. रिफील संपली."

पोरानं तेही लिहून घेतलं. प्रामाणिक होता बिचारा.

शेतकऱ्याला हवामान, बाजारभाव, रोग, योजना असं सगळं एकाच जागी देणारं अ‍ॅप होतं ते. कोणत्या कार्यालयाचं, ते सांगत नाही. ज्या कार्यालयाचं आहे असं तुम्हाला वाटेल, त्याचंच समजा. पडद्यावर पहिलं चित्र आलं ते 'आपला वापरकर्ता' या नावाखाली. त्यात एक शेतकरी हसत होता. डोक्यावर पंजाबी पगडी, मागे कमरेइतका गहू. खाली लिहिलेलं: वय ४५, जमीन दोन एकर, स्वभाव उत्साही, तांत्रिक साक्षरता कमी. आमच्याकडे त्या वेळी बोंडं धरलेली कपाशी आणि पिवळं पडायला लागलेलं सोयाबीन उभं होतं. गव्हातला तो माणूस पाहून मागून कोणीतरी विचारलं, "हे कोन्या गावचे पाहुने?"

'तांत्रिक साक्षरता कमी' या तीन शब्दांशी मी थोडा वेळ थांबलो. याच गावात पत्रे कापणाऱ्या, जोडकाम करणाऱ्या एका तरुणानं व्हिडिओ पाहून पाहून एकट्यानं हेलिकॉप्टर उभं केलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेतानाच तो गेला. त्यावर विनोद होत नाही, करायचाही नाही. पण आमच्या गावाबद्दल चार शब्द लिहिताना ते तीन तरी लिहू नयेत.

मग चर्चा सुरू झाली. मामांनी हात वर केला.

"साहेब, हे अ‍ॅप बनलं का बनाचं हाय?"

"बनलंय काका. पुढच्या सोमवारी लोकार्पण आहे."

"मंग आमाले कायले इचारता?"

"तुमचा सहभाग हवाय ना!"

मामा समाधानानं खाली बसले. त्यांना एकदम ओळखीचं वाटलं. ते आयुष्यात अनेकदा पंच झालेले आहेत. पंचनाम्यात पंचाला काय करायचं असतं, हे ज्यानं सही केली आहे त्याला ठाऊक असतं. कागद आधीच लिहिलेला असतो, घटना त्याहून आधी घडलेली असते, पंचानं फक्त 'समक्ष' असायचं असतं. वापरकर्ता म्हणजे काय ते मामांना कळलं. मलाही.

तरी सवयीनं त्यांनी एक सूचना केलीच. "एका हाती बैलाचा कासरा असते साहेब. मोबाईल दुसऱ्या हाती. हे दोन हाताचं काम एका अंगठ्यानं झालं पायजे." पोरानं कासरा म्हणजे काय ते विचारलं, दोघातिघांनी समजावलं, आणि पिवळी चिठ्ठी लागली: 'वापरकर्त्याकडे बैल आहे.'

आता कोणी म्हणेल, निदान विचारलं तरी. मान्य. न विचारल्यावर काय होतं ते आपण २०२५ मध्ये पाहिलं. लाडक्या बहिणींची ई-केवायसी आली. तिच्यात बहिणीच्या आधारनंतर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं होतं, आणि ओटीपी त्यांच्या मोबाईलवर जाणार होता. नवरा गेलेला, वडीलही गेलेले, अशा बहिणीनं ओटीपी कुठून आणायचा? योजना ज्या बायांसाठी, त्यांत विधवा, परित्यक्ता, निराधार अशी नावं पहिल्यापासून घातलेली. पण पडदा आखताना त्यांतली एक बाई शेजारी बसवलेली नव्हती. बसवली असती तर तिनं चहा निवायच्या आत सांगितलं असतं. पुढे मुदत नोव्हेंबरातून डिसेंबरअखेर गेली, मृत्यूचे दाखले अंगणवाडीत द्यायला सांगितलं. एका खुर्चीचा खर्च वाचला.

हे विचारायचं शास्त्र बाहेर जुनं आहे. नॉर्वेत क्रिस्टेन निगार्ड नावाचा गणिती होता, आजच्या संगणकभाषांची एक आजी म्हणावी अशी 'सिम्युला' त्यानं ओले-योहान दाल याच्याबरोबर घडवली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो लोखंड कामगारांच्या संघटनेकडे गेला. कारखान्यात संगणक येणार आहे, तर तो कसा यावा हे कामगारांनीही ठरवावं म्हणून. मालकाचा माणूस म्हणून नव्हे, संघटनेचा माणूस म्हणून. पुढे १९८१ मध्ये स्वीडन-डेन्मार्कच्या संशोधकांनी छापखान्यातल्या कामगारांना बरोबर घेऊन 'युटोपिया' नावाचा प्रकल्प काढला. वर्तमानपत्राची पानं जुळवणारी ही माणसं. ज्यांच्या खांद्यावर बसून आम्ही सदरं लिहितो, ती. पानं लावायचं यंत्र अजून हाती नव्हतं. मग त्यांनी पुठ्ठ्याची खोकी मांडली. एका खोक्यावर लिहिलं 'लेसर प्रिंटर'. त्या खोक्यांसमोर उभं राहून कामगारानं आपलं काम करून दाखवायचं, जिथं हात अडेल तिथं खोकं हलवायचं. पुठ्ठा फाडायला कोणाची मंजुरी लागत नाही. सोमवारी लोकार्पण असलेलं अ‍ॅप फाडता येत नाही, एवढाच फरक.

पण त्यासाठी नॉर्वेला कशाला जायचं? आमच्या घरी तिफण बनली तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. सुतार सकाळी आला आणि आधी लाकडाकडे गेलाच नाही. गोठ्यात गेला. दोन्ही बैल उभे करून खांद्यापासून जमिनीपर्यंत दोरीनं माप घेतलं, एक बैल दोन बोटं ठेंगणा होता ते दोरीला गाठ मारून ठेवलं. मग आईला हाक मारली. तिफणीमागं चालत चाड्यावर मूठ धरायची ती तिनंच. चाडं वर गेलं तर दुपारपर्यंत दंड भरून येतो, खाली राहिलं तर कंबर जाते. त्यानं एक काठी उभी धरली आणि म्हणाला, "वैनी, मूठ धरा." आईनं हवेतच मूठ धरली, दोन पावलं चालली. बी नाही, चाडं नाही, तिफणही नाही. त्यानं तिच्या मुठीच्या बरोबरीनं काठीवर खडूची रेघ मारली. आई म्हणाली, "अजून बोटभर खाली." रेघ पुसून खाली आली. मग तासणी हातात घेतली.

याला पुढे पुढे मोठमोठी नावं पडली. सुताराला त्यांतलं एकही ठाऊक नव्हतं. त्याला दुसरं एक ठाऊक होतं. त्याचे दाणे सुगीनंतर खळ्यावर मिळायचे, आणि त्याचं घर आमच्या घरापासून आठ घरं पलीकडे होतं. बी ओळीत पडलं नाही तर वर्षभर विहिरीवर तोंड दाखवायचं होतं. त्या पोराला सोमवारनंतर फुलसावंगीत कुठल्याच विहिरीवर यायचं नाही.

आमच्या बाजूनंही थोडं सांगायला हवं. आम्ही तरी कुठे वापरतो? १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. घोषवाक्य सुरेख होतं: 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदविणार माझा पीक पेरा'. एका ओळीत चारदा मी-माझं. पुढे एका मोबाईलवरून ५० खातेदारांची नोंद करता येईल अशी सोय झाली. ही सोय ज्यानं सुचवली त्यानं गाव पाहिलेलं असणार, कारण गावात वापरकर्ता एकच असतो. तो सेवा केंद्रात बसतो. त्याच्याकडे दोनशे पानी वही असते. वहीत डावीकडे नाव, मध्ये मोबाईल नंबर, उजवीकडे चार आकडी सांकेतांक. वहीची कोपरं हळदीसारखी पिवळी झालेली. कापूस वेचून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या म्हातारीचा ठसा यंत्र घेत नाही, तेव्हा तो तिला सांगतो, "आजी, बोट केसावरून फिरवा." तेलकट बोट ठेवलं की यंत्र हिरवं होतं. ही युक्ती कुठल्या मार्गदर्शक पुस्तिकेत नाही. पण त्या दिवशी सभागृहात त्याला बोलावलंच नव्हतं. त्याच्या दुकानासमोर रांग होती, त्याला सवड नव्हती, आणि त्याच्यासाठी चिकटी काढलेली नव्हती.

बारा वाजता पोहे आले. मग शेवटचं काम: सगळ्यांनी अभिप्राय भरायचा. अ‍ॅपमध्येच. अ‍ॅप उघडत नाही ही तक्रार ज्यांना लिहायची होती त्यांनीही अ‍ॅप उघडूनच लिहायची होती. त्यासाठी मोबाईल नंबर, आणि मग ओटीपी. मामांचा नंबर आधारला जोडलेला, तो त्यांच्या मुलाच्या मोबाईलमध्ये, मुलगा पुण्यात, रात्रपाळी करून झोपलेला. मामांनी फोन लावला. दोन वेळा वाजून बंद. तिसऱ्यांदा त्यानं झोपेत सहा आकडे सांगितले, मामांनी ते तळहातावर लिहिले, आणि त्या गडबडीत रिफील खरंच संपली. चार आकडे उमटले, दोन नाही.

"चालेल काका," तो पोरगा म्हणाला, "तुमचा फोटो घेतलाय मी."

परत येताना मी मामांबरोबर त्यांच्या गोठ्यापर्यंत गेलो. त्यांनी छातीवरची चिकटी हलकेच सोडवली, इकडेतिकडे पाहिलं आणि आपल्या जोडीतल्या ठेंगण्या बैलाच्या शिंगावर नीट दाबून लावली.

"याले तरी सुतारानं मोजलं होतं," ते म्हणाले, आणि कडब्याची पेंढी सोडायला बसले.