नाना आणि येणे बाकी

भोसरीच्या एमआयडीसीत साठी उलटलेल्या कारखानदाराला एक दिवस मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही आता जरा आराम करा." याचा खरा अर्थ, केबिन मोकळी करा. मग कोणी देवस्थानच्या विश्वस्त मंडळावर जातो, कोणी सोसायटीचा सेक्रेटरी होऊन पार्किंगवरून लोकांचा जीव खातो, आणि बाकीचे पुस्तक लिहितात. हा बाकीच्यांचा वर्ग वाटतो त्याहून बराच मोठा आहे. त्यांच्या पुस्तकांच्या नावात 'शून्य', 'भरारी' किंवा 'ध्यास' यांपैकी एक शब्द हमखास असतो, आणि मुखपृष्ठावर लेखक हाताची घडी घालून उभा असतो.

आमचे नाना याच वर्गातले, पण भरारीच्या भानगडीत पडले नाहीत. "धंदा कसा वाढवला ते मी काय सांगणार? वाढलाच नाही," ते म्हणाले. "पण पैसे कसे आणले ते सांगू शकतो." पुस्तकाचं नाव ठरलं 'येणे बाकी'. खाली बारीक अक्षरात, 'लघुउद्योजकांसाठी वसुलीचे व्यावहारिक मार्गदर्शन'.

या विषयावर बोलण्याचा नानांचा अधिकार कोणी नाकारू नये. चार लेथ, थ्रेड रोलिंगची दोन मशीनं आणि गणपतीचा एक फोटो एवढ्यावर त्यांनी ४० वर्षं बोल्ट काढले. मोठ्या वाहन कंपनीला जोडणी देणारा एक, त्याला सुटे भाग देणारा दुसरा, आणि त्या दुसऱ्याला बोल्ट देणारे नाना. वरून पैसा निघतो खरा, पण प्रत्येक मजल्यावर मुक्काम करत खाली उतरतो. स्टीलवाला मात्र टेम्पोचं फाळकं उघडण्याआधी पैसे मागतो. या दोघांमधल्या फटीत नाना जगले, मुलांची लग्नं केली, चिंचवडला फ्लॅट घेतला.

त्यांची वसुली मी एकदा समोर बसून पाहिली आहे. ते मोठ्या साहेबाला कधीच फोन करत नाहीत. फोन अकाउंटंटला. "काय रे, मुलीचा बारावीचा निकाल कसा लागला?" इथून सुरुवात. मग मुलीला कुठल्या शाखेला घालावं यावर दहा मिनिटं. मग अकाउंटंटच्या गुडघ्यांवर पाच मिनिटं. पैशांचा विषय निघतच नाही. फोन ठेवता ठेवता नाना म्हणतात, "बरं, ते आपलं सप्टेंबरचं काय रे?" पलीकडचा माणूस तोवर इतका विरघळलेला असतो की चेकांच्या ढिगात नानांचा चेक वर सरकतो. हे सगळं करताना त्यांचा चेहरा कमालीचा निर्विकार असतो आणि डाव्या हाताने ते टेबलावर एक बोल्ट उभा-आडवा करत असतात.

एवढं सगळं कागदावर उतरवायला बसले तेव्हा मात्र नानांचं भलतंच झालं. जुन्या चलनांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेलं पहिलं प्रकरण त्यांनी माझ्याकडे आणून दिलं. ("तुम्ही लिहिता ना, मग जरा नजर टाका.") प्रकरणाची सुरुवात 'वरील विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' अशी होती आणि शेवट 'कळावे, आपला विश्वासू' असा. जन्मभर ज्याने स्मरणपत्रंच लिहिली त्याला वाचक हीसुद्धा थकबाकीदार पार्टीच वाटत होती. मी म्हटलं, "नाना, फोनवर बोलता तसं लिहा." त्यांनी मनावर घेतलं आणि दुसरं प्रकरण खरोखर झकास उतरलं.

त्यात त्यांनी सबबींची प्रतवारी लावली आहे. 'चेक तयार आहे, सही राहिलीय', 'साहेब दौऱ्यावर आहेत', 'मार्च एंडिंग होऊ द्या', 'सिस्टीम बंद आहे', ही सगळी मधली प्रत. 'तुमचं बिल सापडत नाहीये, झेरॉक्स पाठवा' ही उत्तम प्रत, कारण त्या माणसाने निदान बिल शोधलेलं असतं. आणि 'नाना, पुढच्या आठवड्यात नक्की' असं कोणी आपणहून, न मागता म्हणालं, तर ती रक्कम मनातल्या मनात बुडीत खात्यात टाकावी. व्यवस्थापनाच्या जाडजूड इंग्रजी पुस्तकांत ही अक्कल मला तरी सापडलेली नाही.

कायद्याचं प्रकरण त्यांनी शेजारच्या सीएला बसवून लिहिलं. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लहान कारखान्याचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. वाचताना तोंडाला पाणी सुटतं. नानांनी हे व्याज जन्मात कधी मागितलं नाही. "व्याज मिळतं, पार्टी जाते," हे त्यांचं त्यावरचं भाष्य, आणि ४५ दिवसांचा कायदा असूनही लहान कारखानदार चार-चार महिने गप्प का बसतो याचं उत्तर त्यात सगळं आलं.

पुस्तक पुरं होत आलं आणि प्राप्तिकर कायद्यातलं कलम ४३बी(एच) मध्येच उपटलं. २०२३ च्या अर्थसंकल्पाने ते आणलं, १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. लहान पुरवठादाराला मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येणार नाही. प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी मिळेल. आयुष्यात पहिल्यांदाच मार्च महिन्यात पार्ट्यांनी आपणहून नानांना फोन केले. काहींनी पैसे न्यायला बोलावलं. काहींनी प्रेमाने विचारलं, "नाना, ती लघुउद्योगाची उद्यम नोंदणी रद्द करून टाकता का?" नानांनी छपाई थांबवून एक प्रकरण वाढवलं.

त्याआधी प्रस्तावनेचा विषय झाला होता. ती एका निवृत्त बँक मॅनेजरने लिहिली. १४ पानांची. त्यातली १३ स्वतःच्या बदल्यांवर होती. असो.

खरी गंमत पुढे. हस्तलिखित ज्याच्या-ज्याच्या हाताखालून गेलं, तो-तो शहाणा झाला. मुद्रितशोधक म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी, आवाज चढवलेला कधी कोणी ऐकला नाही. तिसरं प्रकरण तपासून त्यांनी निरोप धाडला की 'काम सुरू करण्यापूर्वी निम्मी रक्कम घ्यावी असे आपणच पृष्ठ ४१ वर म्हटले आहे, तरी पाठवावी.' डीटीपीवाली मुलगी पानं जुळवता जुळवता वाचत होती. तिने शेवटची फाईल देण्याआधी नानांच्या आईच्या संधिवाताची चौकशी केली आणि जाता जाता म्हणाली, "बरं नाना, ते आपलं बिलाचं काय?" छापखान्याच्या मालकाने तर पुस्तकं बांधून गठ्ठे दारात रचले आणि स्वतः गठ्ठ्यांवर बसला. हे सहावं प्रकरण. नानांनी तिघांचेही पैसे रोख चुकते केले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं; दुःखाचं की लेखकाच्या समाधानाचं, कोण जाणे.

छापखान्यात नानांमधला कारखानदार पुन्हा जागा झाला. डेमी आकारात १६ पानांचा एक फर्मा. नानांचा मजकूर भरला १६८ पानं, म्हणजे साडेदहा फर्मे. छापखानावाला म्हणाला, "अकरा करू. आठ पानं कोरी सोडा, 'टिपणे' असं वर छापू." नाना चवताळले. लेथखालचा चुरासुद्धा वजन करून विकणारा माणूस. आठ पानं गुणिले हजार प्रती कोरी सोडायची? त्या रात्री घरी बसून त्यांनी आठ पानांचे नमुने लिहिले: पहिलं गोड स्मरणपत्र, दुसरं कमी गोड, तिसरं वकिलाचा वास येणारं, हप्त्यांच्या कराराचा मसुदा, चेक परत आल्यावर द्यायची नोटीस. त्या नोटिशीला वर चौकट: बँकेकडून चेक परतल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग समोरच्याला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात कोर्टात तक्रार, एक तारीख चुकली की कलम १३८ हातचं जायची भीती. अख्ख्या पुस्तकातली सगळ्यात उपयोगाची पानं हीच, आणि ती केवळ कागद वाया जाऊ नये म्हणून लिहिली गेली. लोक मोबाईलवर त्यांचे फोटो काढतात आणि एकमेकांना पाठवतात. पुस्तक त्यामुळे कोणी घेत नाही, हा भाग वेगळा.

आयएसबीएनवर तर नाना लट्टू झाले. तो आपल्याकडे राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो, हे कळल्यावर त्यांनी आधी दोनदा खात्री केली. मग त्या १३ आकड्यांतला शेवटचा आकडा तपासणीचा असतो हे समजलं आणि त्यांना आपल्या क्षेत्रात आल्यासारखं वाटलं. आकडे आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे, बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. तेव्हापासून पुस्तकांच्या दुकानात गेले की कुठलंही पुस्तक मलपृष्ठावर उलटं पाडून, ओठ हलवत गुणाकार करत उभे राहतात. विक्रेत्याला वाटतं, गिऱ्हाईक लागलं.

पुस्तक काढल्यावर ३० दिवसांत प्रकाशकाने सरकारमान्य ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रती पाठवाव्यात, असा १९५४ चा कायदा आहे. सहसा कोणी तो वाचत नाही. नानांनी वाचला. कोलकाता, चेन्नई, मुंबई, दिल्ली, चारही ठिकाणी पार्सलं रवाना झाली, पोस्टाच्या पावत्या फाईलला लागल्या. महिन्याने ते मला म्हणाले, "चारही पार्ट्यांना माल वेळेत पोचला. पेमेंट एकाचं नाही."

प्रकाशन समारंभाला प्रमुख पाहुणे कोण, तर नानांची सगळ्यात जुनी थकबाकीदार पार्टी. येणं इतकं जुनं की तीन वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेलेली, कोर्टात उभंसुद्धा राहिलं नसतं. पाहुण्यांनी व्यवहारातल्या सचोटीवर पाऊण तास भाषण ठोकलं. नानांनी शाल घातली, नारळ दिला आणि सोबत एक पाकीट. पाहुण्यांना वाटलं मानधन. आत लेजरचा उतारा होता, शेवटच्या रकमेखाली तांबड्या शाईची दुहेरी रेघ. आठवड्याभरात चेक आला आणि वटलासुद्धा. चारशे लोकांसमोर घातलेली शाल कायद्यापेक्षा जड गेली असावी.

इथवर नाना अजिंक्य होते. मग पुस्तक दुकानांत गेलं.

प्रकाशनाआधी मी त्यांना सांगितलं होतं की पैसे आधी घ्या. ज्ञानकोशकार केतकरांनी २३ विभागांचा ज्ञानकोश काढायला चक्क लिमिटेड कंपनी स्थापली, भाग विकले, वर्गणीदार गाठले. "म्हणजे ॲडव्हान्स!" नाना खूश झाले. त्यांनी प्रकाशनपूर्व सवलत जाहीर केली. नातेवाईक, मित्र, रोटरीवाले सगळे म्हणाले, "नाना, आमची एक प्रत धरा." नानांनी धरल्या. अजून धरलेल्याच आहेत.

राहिले वितरक. कमिशन ४० ते ५० टक्के, आणि माल 'विक्रीवर'. म्हणजे पुस्तकं ठेवून जा, खपली तर पैसे, नाही खपली तर घेऊन जा. जन्मात एक बोल्ट कधी या बोलीवर न दिलेल्या माणसाने पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानाच्या काचेमागे आपलं पुस्तक उभं दिसावं म्हणून ३०० प्रती मुकाट्याने ठेवल्या. मी विचारलं, "नाना, हे कुठल्या प्रकरणात बसतं?" ते काचेकडे बघत राहिले. माझं स्पष्ट मत आहे की कारखानदाराचा लेखक होतो तो याच क्षणी, आणि त्याचं धंद्याचं डोकं जातं तेही याच क्षणी.

सहा महिन्यांनी त्यांनी वितरकाच्या अकाउंटंटला फोन लावला. तिथे अकाउंटंटच नव्हता. मालक, अकाउंटंट आणि हमाल सगळं एकच गृहस्थ, आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. गुडघेही ठणठणीत. नानांनी ४५ दिवसांच्या कायद्याचं पत्र धाडलं. गृहस्थ हसत म्हणाले, "नाना, ४५ दिवस माल घेतल्यापासून मोजतात. मी घेतलाय कुठे? तुम्ही ठेवलाय." सगळ्या सबबींची प्रतवारी लावणाऱ्या नानांना ही सबब नवी होती. खरं तर ती सबबही नव्हती, व्यवहारच तसा होता. पुढच्या खेपेला उरलेल्या प्रती परत आल्या, काहींची मुखपृष्ठं उन्हाने फिकी पडलेली. नानांनी त्या पॅकिंगच्या खोलीत बोल्टांच्या पेट्यांवर रचल्या आणि मुलाला सांगितलं, "केबिन तुझी, पण ही खोली माझी."

सध्या ते दुसऱ्या आवृत्तीच्या तयारीत आहेत, पहिली संपली नसताना. एक प्रकरण वाढतंय, 'पुस्तक विक्रेता'. पाठकोऱ्या चलनांचा ढीग मी पाहिला आहे, पण अजून शीर्षकाच्या पुढे मजल गेलेली नाही.

तुमचं स्वतःचं वर्कशॉप असेल, दुकान असेल, किंवा कोणी तुमचे पैसे नुसते 'पुढच्या आठवड्यात' ठेवले असतील, तर 'येणे बाकी' अवश्य घ्या. किंमत २५० रुपये, पोस्टेज नानांकडे, पैसे आधी. 'एक प्रत भेट द्या की' असं मात्र त्यांना म्हणू नका. ते देतील, आत छान सहीसुद्धा करतील. पण तुमचं नाव लेजरला चढेल आणि मार्चमध्ये तुमच्या मुलीच्या बारावीची चौकशी करणारा फोन येईल.